कर्ज एकट्याच्या नावावर

1948 च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून पाकिस्तानसाठी छापलेल्या नोटा चलनात आल्या. नोट भारतीय रिझर्व्ह बँकेची आणि चित्र सहाव्या जॉर्ज राजाचे. नवे होते ते फक्त वरचे अक्षर: इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. यांतल्या अनेक नोटांवर सही होती गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची, म्हणजे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या मराठी माणसाची. त्याच सुमारास काश्मीरमध्ये भारतीय फौजा लढत होत्या. ज्याच्याशी युद्ध चालू आहे त्याचे चलन आपल्याच छापखान्यात छापून द्यायचे, हा प्रकार आज कोणाला सांगितला तर तो एक तर हसेल किंवा चिडेल. त्या वेळच्या दिल्लीला मात्र त्यात विशेष वाटले नाही. ठरले होते, म्हणून ते छापले.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारच्या आर्थिक कारभारातला हा धागा आपल्याकडे फारसा कोणी उलगडत नाही. फाळणीचा रक्तपात, संस्थानांचे विलीनीकरण, घटना यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले. तिजोरीचे काय झाले, हा प्रश्न निघाला की गाडी थेट ‘पंचावन्न कोटीं’वर येते आणि तिथेच रुतते. त्या पंचावन्न कोटींकडे जाऊच. आधी घराची वाटणी कशी झाली ते पाहू.

3 जून 1947 ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि 15 ऑगस्टला दोन सरकारे उभी राहायची होती. हातात उणेपुरे अडीच महिने. वाटणीचे काम ज्या सुकाणू समितीकडे दिले तीत माणसे दोनच. भारताच्या बाजूने एच. एम. पटेल आणि पाकिस्तानच्या बाजूने चौधरी मुहम्मद अली. दोघेही सरकारी नोकरीत मुरलेले, एकमेकांना चांगले ओळखणारे. त्यांच्या हाताखाली तज्ज्ञांच्या दहा समित्या होत्या आणि रेल्वेच्या डब्यांपासून कचेऱ्यांतल्या टाइपरायटरांपर्यंत सगळ्याचा हिशेब त्यांनी मांडला. काही गोष्टींचे तुकडे होणारच नव्हते. दारूगोळ्याचे सगळे सरकारी कारखाने भारताच्या हद्दीत होते. कारखाना उचलून रावळपिंडीला नेता येत नाही, म्हणून त्यांच्या बदल्यात पाकिस्तानला रोख रक्कम देण्याचे ठरले. नाशिकचा छापखानाही असाच अखंड राहिला, आणि काही काळ दोघांसाठी छापत राहिला. रिझर्व्ह बँकही सुरुवातीला दोन्ही देशांची सामाईक मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानची स्टेट बँक 1 जुलै 1948 ला कराचीत उघडली, तोवर हा संयुक्त संसार चालला.

सगळ्यात अवघड वाटणी कर्जाची. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने लोकांकडून रोख्यांवर घेतलेले कर्ज डोंगराएवढे होते. पुण्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांकडे साडेतीन टक्क्यांचे सरकारी कागद असतील, तर त्यांनी व्याज मागायचे कोणाकडे? थोडे दिल्लीकडे, थोडे कराचीकडे? असे झाले असते तर त्या कागदाची किंमत एका दिवसात कोसळली असती. 14 ऑगस्ट 1947 ला निघालेल्या हुकुमाने याचा निकाल लावला. धनकोंच्या दृष्टीने सगळे कर्ज भारताचे. पाकिस्तानने आपला वाटा नंतर भारताला द्यायचा. तो साडेसतरा टक्के ठरला आणि 50 वार्षिक हप्त्यांत फेडायचा होता.

माझ्या मते पहिल्या सरकारचा हा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय, आणि त्याच्यावर सभागृहात किंवा वर्तमानपत्रांत म्हणावी तशी चर्चा झाली नाही. नवे राष्ट्र जुन्या राजवटीचे देणे नाकारू शकते. रशियात बोल्शेविकांनी झारचे कर्ज नाकारलेले तीसच वर्षे झाली होती, आणि ‘इंग्रजांनी केलेले कर्ज आम्ही का फेडायचे’ असे म्हणणारे आपल्याकडेही होते. काँग्रेसच्या कराची अधिवेशनाच्या सुमारासच या कर्जाच्या चौकशीची मागणी झालेली होती. सत्ता हातात आल्यावर मात्र नेहरू-पटेलांच्या सरकारने एक पैसाही नाकारला नाही.

इथे एक विचित्र योगायोग आहे. हिंदुस्थान त्या वेळी देशातल्या लोकांचा ऋणको होता, पण खुद्द इंग्लंडचा धनको झाला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा उचलल्या आणि त्याबदल्यात लंडनमध्ये पौंडांचे जमाखर्च लिहून ठेवले. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर संपत्तीच्या ज्या ओघाविरुद्ध आवाज उठवला तो असा उलटा फिरला. पण वसुली कशी होणार? 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने हा विषय काढून पाहिला. त्यात देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफही होते. ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी तो प्रश्न तिथे येऊ दिला नाही. इंग्लंड युद्धाने खंक झाले होते, आणि हे देणे कापून कमी करावे असे म्हणणारे तिथे कमी नव्हते.

1947 च्या ऑगस्टमधल्या करारानुसार सुमारे 1,160 दशलक्ष पौंड, म्हणजे दीड हजार कोटी रुपयांवर रक्कम, लंडनच्या खात्यात जवळजवळ गोठवली गेली. खर्चायला मोकळे केले ते 65 दशलक्ष. पुढच्या वर्षी अर्थमंत्री म्हणून चेट्टी लंडनला गेले आणि मोठा करार करून आले. इंग्रजांनी मागे सोडलेल्या लष्करी सामानाबद्दल 100 दशलक्ष पौंड आणि निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनपोटी सुमारे 168 दशलक्ष पौंड या शिलकेतून वळते झाले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या म्हातारपणाची सोयही आपण एकरकमी करून दिली. त्यावर टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. लष्करी सामानाची किंमत जास्त लावली गेली असे म्हणायला जागा आहे. पण मूळ देण्यात मात्र ब्रिटनला कपात करू दिली नाही. स्वतःची देणी चुकवणारा माणूसच दुसऱ्याकडे ताठ मानेने वसुलीला जाऊ शकतो, हे त्यामागचे गणित.

हे गणित पटवणारे सरकार कसले होते? चेट्टी काँग्रेसचे नव्हते. जस्टिस पक्षाच्या वर्तुळातले, कोचीनचे माजी दिवाण, इंग्रजांच्या मर्जीतले समजले जाणारे. कायदामंत्री डॉ. आंबेडकर काँग्रेसचे कडवे टीकाकार. उद्योगखाते हिंदुमहासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्याकडे. जॉन मथाई टाटांच्या संचालक मंडळातून आलेले. आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती पाहत होते. ही माणसे एकत्र बसून एक अर्थसंकल्प मंजूर करत होती, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही.

तो पहिला अर्थसंकल्प चेट्टींनी 26 नोव्हेंबर 1947 ला मांडला. तो साडेसात महिन्यांचाच होता. अंदाजे उत्पन्न 171 कोटी, खर्च 197 कोटी आणि त्यातले जवळपास 93 कोटी संरक्षणाला. निम्मा पैसा फौजेवर. निर्वासितांसाठी सुमारे 22 कोटी आणि जवळजवळ तेवढेच बाहेरून आणलेले धान्य स्वस्तात देण्यासाठी. फाळणीने पंजाब-सिंधमधली कालव्यांवरची गव्हाची जमीन गेली, लांब धाग्याचा कापूस गेला, पूर्व बंगालातला ताग गेला. गिरण्या मात्र मुंबईत आणि हुगळीच्या काठी उभ्या. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचा आकडा 50 लाखांच्या आसपास पोचला. कुरुक्षेत्राच्या एका छावणीत तीन लाख माणसे होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली. तिथेच 1949 च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर झाले.

आता ते पंचावन्न कोटी. अविभक्त हिंदुस्थानच्या तिजोरीत सुमारे 400 कोटींची रोकड होती. पाकिस्तानचा वाटा 75 कोटी ठरला. 20 कोटी लगेच दिले गेले. बाकी 55 कोटींचा करार झाला तोवर काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झालेला होता. पैसे दिले तर त्यांच्या बंदुका होऊन परत येतील, या भीतीने सरदार पटेलांनी ते काश्मीरच्या तडजोडीशी जोडले आणि मंत्रिमंडळाने त्यांना साथ दिली. ही भीती खोटी नव्हती. पण कराराची भाषा वेगळी होती, आणि माउंटबॅटन यांनी गांधीजींना तसे स्पष्ट सांगितले. 13 जानेवारी 1948 ला गांधीजींचे उपोषण सुरू झाले. 15 तारखेला सरकारने रक्कम देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि 18 तारखेला उपोषण सुटले.

ते उपोषण पैशांसाठीच होते, असे आपल्याकडे इतक्या वेळा बोलले गेले आहे की तेच सत्य होऊन बसले. प्रत्यक्षात उपोषण सोडताना दिल्लीच्या पुढाऱ्यांनी ज्या सात गोष्टींचे वचन दिले, त्यांत 55 कोटींचा उल्लेखही नाही. त्यांत मेहरौलीचा उरूस आहे, मशिदी परत करणे आहे, मुसलमानांना दिल्लीत निर्भयपणे राहता येणे आहे. पुढे बारा दिवसांत गांधीजींची हत्या झाली आणि मराठी मनात ही रक्कम कायमची त्या खुनाशी बांधली गेली. खरे तर ती मूळ करारातल्या देण्याची बाकी होती. जे सरकार पेन्शनी इंग्रजाचे देणे चुकवत होते, त्याला हेच एक देणे अडवून ठेवणे फार काळ जमलेच नसते. पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री गुलाम मुहम्मद यांनी तर रिझर्व्ह बँकेवर दिल्लीच्या तालावर नाचण्याचा आरोप केला होता. हे गुलाम मुहम्मद म्हणजे दोनच वर्षांपूर्वी महिंद्र बंधूंबरोबर ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढणारे गृहस्थ. ते कराचीला गेल्यावर कंपनीच्या नावात दोनदा महिंद्र आले.

या सरकारने सगळेच बरोबर केले, असे मात्र कोणी समजू नये. धान्य आणि कापडावरची युद्धकाळातली नियंत्रणे उठवण्याचा प्रयोग अंगाशी आला. गांधीजींचा आग्रह होता, सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या समितीने टप्प्याटप्प्याने मोकळीक सुचवली होती, आणि 1947 च्या डिसेंबरपासून ती दिली गेली. 1939 चा भाव 100 धरला तर घाऊक किमतींचा निर्देशांक नोव्हेंबर 1947 मध्ये 302 होता. पुढच्या जुलैत तो 390 च्या घरात गेला. कापड गिरण्यांनी आणि साठेबाजांनी हात धुऊन घेतले. उन्हाळा सरला तसे सरकारला पुन्हा रेशनच्या रांगेकडे वळावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये करचुकव्यांच्या चौकशीतून काही नावे वगळल्याच्या वादात चेट्टींनी राजीनामा दिला. बुद्धिमान माणूस, पण उद्योगपतींबद्दल मन मऊ. ते गेले याचे मला तरी फारसे दुःख नाही.

हैदराबादचा पेच पैशाचाही होता, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. तिथे निजामाचा हाली सिक्का चाले. शंभर कलदार रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा भाव होता. जैसे-थे करार झाल्यावर निजामाने भारतीय चलनाच्या वापराला बंदी घातली आणि पाकिस्तानला 20 कोटींचे कर्ज दिले. तेही भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपात! भारताची पत इतकी पक्की, की भारताच्या विरोधकालाही मदत करायला तेच कागद लागले. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने राजकीय प्रश्न मिटला. हाली सिक्का मात्र पुढे कित्येक वर्षे बाजारात खुळखुळत राहिला.

1 जानेवारी 1949 ला रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. सप्टेंबरमध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि रुपयाने त्याच्या मागोमाग जायचे ठरवले. डॉलरच्या हिशेबात रुपया 30 सेंटवरून 21 सेंटवर आला. पाकिस्तानने आपला रुपया खाली आणला नाही. एकाएकी त्यांचे शंभर म्हणजे आपले 144. दिल्लीने हा दर मानायला नकार दिला आणि तागाचा व कोळशाचा व्यापार ठप्प झाला. कलकत्त्याच्या गिरण्यांना ताग नाही, पूर्व बंगालच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक नाही. दोन्हीकडचे नुकसान झाले आणि अखेर 1951 च्या फेब्रुवारीत भारताने तो दर मान्य केला. ही माघार होती, आणि ती घ्यायला उशीर झाला.

देशमुख 1950 मध्ये अर्थमंत्री झाले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा देईपर्यंत तिजोरी त्यांच्याकडे होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे त्यांचा हा राजीनामा आपल्याला पाठ आहे. पण गव्हर्नर म्हणून सही केलेल्या नोटा पाकिस्तानातही स्वीकारल्या जाव्यात म्हणून त्यांनी जी घडी बसवली, ती त्यांची जास्त मोठी कामगिरी आहे.

पाकिस्तानच्या हिश्शाचे हप्ते 1952 पासून यायचे होते. ते आले नाहीत. भारताने रोखेधारकांना व्याज आणि मुद्दल मुदतीत दिले. पाकिस्तानकडून फाळणीपूर्व कर्जापोटी येणे असलेले 300 कोटी रुपये पुढे कित्येक दशके भारताच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे येणे म्हणून दाखवले जात राहिले.