आकाशाशी ओळख : भिंगांची दुर्बीण

इ. स. १६१० च्या जानेवारीत इटलीतील पादुआ येथे गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळवली. ग्रहाशेजारी त्याला बारीक तारकांसारखे ठिपके दिसले. दररोज रात्री त्यांच्या जागा बदलत. ते गुरूचे चंद्र होते. सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला त्या निरीक्षणाने तडा गेला. गॅलिलिओची दुर्बीण वस्तू सुमारे २० पट मोठी दाखवत असे. आज नवशिक्याला मिळणारी साधी दुर्बीणही तिच्यापेक्षा सरस असते. तरीही अशी दुर्बीण पुष्कळदा दोन-चार रात्रींनंतर माळ्यावर जाऊन पडते. दोष बहुधा दुर्बिणीचा नसून घाईचा असतो.

या दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला मोठे वस्तुभिंग असते. ते ताऱ्यांचा प्रकाश एकत्र आणून प्रतिमा तयार करते. डोळ्याजवळील नेत्रिका ती प्रतिमा मोठी करून दाखवते. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धनक्षमता मिळते. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असेल, तर २० मिलिमीटरची नेत्रिका ३५ पट आणि १० मिलिमीटरची ७० पट वर्धन देते.

परंतु दुर्बिणीचे खरे सामर्थ्य प्रकाश गोळा करण्यात आहे. काळोखात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या १०० पट प्रकाश गोळा करते. खोक्यावर छापलेल्या शेकडो पटींच्या आकड्यांना म्हणूनच भुलू नये. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीहून अधिक वर्धन केल्यास प्रतिमा मोठी होते. पण अंधूकही होते.

दुर्बिणीची मांडणी दिवसा करावी. तिपाईचे पाय कठीण, सपाट जमिनीवर रोवावेत. पाय पूर्ण लांब न केल्यास ती कमी हलते. नंतर दूरचे देवळाचे शिखर किंवा मनोरा मुख्य दुर्बिणीच्या मध्यभागी आणावा आणि शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही मध्यभागी आणावे. हे जुळले नाही, तर रात्री चंद्रसुद्धा सापडत नाही. मात्र दुर्बीण अथवा शोधक दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश क्षणार्धात दृष्टी कायमची हिरावून घेऊ शकतो. लहान मुले जवळ असताना तर अधिकच दक्षता घ्यावी.

रात्री डोळ्यांना काळोखाची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. प्रारंभ नेहमी कमी वर्धनाच्या नेत्रिकेने करावा. तिच्यातून आकाशाचा मोठा भाग दिसतो. वस्तू सापडल्यावरच नेत्रिका बदलावी. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने दिसणारी वस्तू हळूहळू सरकून दृष्टीआड होते. तेव्हा दुर्बीण हलकेच वळवत राहावे लागते.

पहिले निरीक्षण चंद्राचे करावे. पौर्णिमेपेक्षा शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड-काळोखाच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरे उठून दिसतात. त्यानंतर गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी पाहावी. हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहता येतो. छायाचित्रांतील रंग येथे दिसत नाहीत. तेजोमेघ धुरकट पांढरा दिसतो. पण तो प्रकाश सुमारे १३०० वर्षांचा प्रवास करून डोळ्यांपर्यंत आलेला असतो.

इ. स. १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथे फ्रेंच धर्मोपदेशक रिशो एक धूमकेतू पाहत होते. त्या वेळी नरतुरंग समूहातील मित्र हा तेजस्वी तारा एक नसून दोन आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. साध्या डोळ्यांना जे एक दिसते, ते शांतपणे पाहणाऱ्याला अनेक दिसू शकते. दुर्बीण फक्त प्रकाश आणून देते. पाहण्याची सवय माणसाला स्वतःच लावून घ्यावी लागते.