प्रिंटरची भाषा

संगणकावर तुम्ही अर्ज लिहिता आणि प्रिंटरवर छापून घेता. हे काम किती सोपे वाटते! पण समजा, तुमच्या शाळेला एक जुना प्रिंटर भेट मिळाला. तो संगणकाला जोडला. संगणकाने प्रिंटरांच्या नावांची लांबलचक यादी दाखवली, पण तुमच्या प्रिंटरचे नाव काही तीत नाही. मग काय कराल? प्रिंटर भंगारात द्याल? थांबा. आधी त्याची भाषा कोणती, ते पाहा.

होय, प्रिंटरलाही भाषा असते. संगणक प्रिंटरकडे केवळ अक्षरे पाठवत नाही. ती कशी छापायची, याच्या आज्ञाही पाठवतो. या आज्ञा आकड्यांच्या असतात. उदाहरणार्थ, एपसन कंपनीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे २७ आणि ६९ हे आकडे लागोपाठ आले, की तो ठळक अक्षरे छापू लागतो. २७ आणि ७० आले, की ठळक छपाई थांबते. तुमचा मजकूर प्रिंटरच्या भाषेत सांगणारा दुभाष्या संगणकात असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

आता गंमत पाहा. प्रिंटर शेकडो प्रकारचे आहेत, पण त्यांच्या भाषा थोड्याच आहेत. जपानच्या एपसन कंपनीचा एमएक्स-८० हा प्रिंटर १९८० साली आला. तो इतका खपला, की इतर कंपन्यांनीही आपल्या प्रिंटरांना एपसनच्याच आज्ञा शिकवल्या. लेझर प्रिंटरांमध्ये पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या भाषा अशाच पसरल्या.

म्हणून प्रथम प्रिंटरची माहितीपुस्तिका उघडा आणि ‘इम्युलेशन’ हा शब्द शोधा. तुमचा प्रिंटर कोणाच्या आज्ञा पाळतो, ते तेथे लिहिलेले असते. मग यादीतून त्याच भाषेचा एखादा साधा प्रिंटर निवडा. केबल ज्या पोर्टला जोडली आहे, तेच पोर्ट निवडा. शेवटी एकच पान छापून पाहा. पानावर विचित्र चिन्हे उमटली, तर भाषा चुकली असे समजा आणि छपाई लगेच थांबवा. नाहीतर पानांमागून पाने वाया जातील.

काही संगणकांच्या यादीत फक्त मजकूर छापणारा ड्रायव्हरही असतो. तो बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांवर इंग्रजी मजकूर छापतो. पण उर्दू किंवा मराठी छापू शकत नाही. असे का बरे? कारण अशा प्रिंटरांच्या स्मृतीत बहुधा रोमन अक्षरेच असतात. नस्तालिक किंवा देवनागरी अक्षरे बारीक ठिपक्यांचे चित्र म्हणून पाठवावी लागतात. अशी चित्रे छापण्याची आज्ञा एपसनच्या भाषेत आहे. म्हणून योग्य ड्रायव्हर मिळाला, की ज्या प्रिंटरला अलिफही ठाऊक नाही आणि ‘अ’ही ठाऊक नाही, तो दोन्ही लिप्या छापतो!

काही स्वस्त प्रिंटर मात्र यांपैकी एकही भाषा जाणत नाहीत. त्यांना त्यांच्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. पण हे माहितीपुस्तिका वाचल्यावर कळते. तेव्हा केवळ यादीत नाव नाही, एवढ्यावरून चांगले यंत्र टाकून देऊ नका.