चक्रवाढीचा अर्थ

बाजारात भाव चढले, शहरात गर्दी वाढली, की आपण सहज म्हणून जातो, “अगदी चक्रवाढीने वाढते आहे!” ‘फार वेगाने’ एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. गणितशास्त्र मात्र या शब्दाचा असा सैल वापर करू देत नाही. ज्या वाढीला गणितात घातांकी वाढ म्हणतात, तिचे लक्षण वेग हे नव्हे. समान कालावधीत मूळ संख्येला समान संख्येने गुणले जाणे, हे तिचे लक्षण होय.

आपल्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हा विषय एका दात्याच्या उदाहरणाने मांडला आहे. हा दाता याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन देतो. महिन्यात किती दान झाले, असा प्रश्न आहे. त्याने रोज दोनच कवड्या वाढवून दिल्या असत्या, तर तिसाव्या दिवशी ६० आणि महिन्यात एकूण ९३० कवड्या गेल्या असत्या. दुपटीच्या वचनाने दहाव्या दिवशी १,०२४ कवड्या होतात. येथवर दाता निर्धास्त असेल. परंतु महिन्याची बेरीज येते २,१४,७४,८३,६४६! त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आधीच्या एकोणतीस दिवसांत मिळून जेवढे दिले, त्याहून दोन कवड्या अधिक एकट्या तिसाव्या दिवशी द्याव्या लागतात. ही वाढ आरंभी डोळ्यांत भरत नाही, आणि भरते तेव्हा उशीर झालेला असतो, तो यामुळेच.

आता आपल्या वडोदऱ्याकडे पाहू. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे १ लाख ४ हजार होती. १९३१ मध्ये ती १ लाख १३ हजारच भरली. तीस वर्षे शहर जवळजवळ जागच्या जागी होते. पुढे चित्र पालटले. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, त्यापाठोपाठ इतर उद्योग आले आणि शहराची हद्दही विस्तारत गेली. १९५१ मध्ये सुमारे २ लाख ११ हजार लोक होते. १९७१ मध्ये ४ लाख ६७ हजार झाले. १९९१ मध्ये १० लाख ३१ हजार. पहिल्या वीस वर्षांत अडीच लाखांची भर पडली, दुसऱ्या वीस वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक. भर निराळी, पण भागाकार करून पाहा. दोन्ही वेळा वस्ती सुमारे २.२ पट झाली. ही खरी घातांकी वाढ.

२०११ मध्ये वस्ती सुमारे १६ लाख ७० हजार झाली. या वीस वर्षांतील भर सहा लाखांहून अधिक, म्हणजे पूर्वीपेक्षा मोठी. वरवर पाहणारा म्हणेल, वाढीचा जोर चढला. वस्तुतः गुणक २.२ वरून १.६ वर उतरला होता. पूर्वीचाच गुणक टिकता, तर हा आकडा २२ लाखांच्या पुढे गेला असता. आजव्याच्या सरोवरासारख्या पाणीपुरवठ्याची आखणी करणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. एका समजुतीने पाणी अपुरे पडेल, दुसरीने पैसा वाया जाईल. शिवाय जगात कोणतीही गोष्ट अखंड दुपटीने वाढत नाही. जागा, पाणी, अन्न, कोठे ना कोठे मर्यादा आडवी येते.

कर्जाला मात्र अशी नैसर्गिक मर्यादा नाही. दरमहा दरशेकडा दोन रुपये हा दर ऐकण्यास सौम्य वाटतो. त्याने हजार रुपये घेतले आणि काहीच फेडले नाही, तर सरळव्याजाने दहा वर्षांनी ३,४०० रुपये होतात. दरमहा चक्रवाढ केल्यास सुमारे १०,७६५. म्हणूनच आपल्या धर्मशास्त्राने दामदुप्पटीचा नियम घातला: थकलेले व्याज एका वेळी मुदलाहून अधिक वसूल करता येऊ नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानीत. निसर्गाने न घातलेली मर्यादा येथे माणसाने घातली.

दुपटीचा काळ काढण्याची एक सोपी युक्ती सांगतो. ७२ या संख्येस वार्षिक दराने भागावे. सहा टक्क्यांनी ठेव सुमारे बारा वर्षांत दुप्पट होते. बारा टक्क्यांनी कर्ज सहा वर्षांत. हे उत्तर अदमासाचे असते, पण व्यवहारास पुरते. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी व्याज सरळ की चक्रवाढ, आणि चक्रवाढ असल्यास ती दरमहा की दरसाल, एवढे विचारून घ्यावे आणि मग हा भागाकार एकदा अवश्य करावा.