कोटपाडचा लाल पाटा

ओडिशातल्या जेपुरहून छत्तीसगडच्या जगदलपूरकडे निघालं की वाटेत कोरापुट जिल्ह्यातलं कोटपाड लागतं. इथल्या मिरगाण विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या भतरा, परजा, गदबा अशा आसपासच्या आदिवासींसाठी कापड विणलं. विणणारे एका समाजाचे, नेसणारे दुसऱ्या समाजांचे. पण कापड कसं असावं हे ठरवायचा मान नेसणाऱ्यांचा. कुणाला काठ केवढा लागतो, पदरावर काय हवं, हे विणकराला तोंडपाठ. पाटा म्हणजे इथली साडी. आठ हाती पाटा गुडघ्यापर्यंत, शेतात-रानात वावरायला मोकळा. सोळा हाती पाटा लग्नाकार्याचा.

रंग तीनच. सुताचा मूळचा पांढरा, गडद लाल आणि काळ्याकडे झुकणारा तपकिरी. लाल मिळतो आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीपासून. आपल्याकडच्या बारतोंडीच्या कुळातलंच हे झाड. साल वाळवून कुटायची. तपकिरी हवा असेल तर त्यात हिराकस घालायचा.

खरी मेहनत त्याआधीची. आलाचा रंग नुसत्या सुताला धरत नाही, म्हणून लड्या एरंडेल, शेण आणि राखेच्या पाण्यात भिजवतात, तुडवतात, उन्हात वाळवतात आणि पुन्हा भिजवतात. असं दिवसचे दिवस चालतं. मग नदीच्या नाहीतर तळ्याच्या पाण्यात स्वच्छ धुऊन त्या उकळत्या रंगात सोडायच्या. हे बहुतेक सगळं काम बायकांच्या हातचं. सूत मागावर चढेपर्यंत महिनाभर सहज जातो. असा तयार झालेला लाल रंग धुतल्यानं विटत नाही.

मग पुरुष खड्डामागावर बसतात. काठ आणि मधलं अंग यांचे धोटे वेगळे. दोन रंगांचे धागे जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवत न्यावे लागतात. पदरावर खेकडा, मासा, शंख, होडी, कुऱ्हाड, छत्री उमटते. त्यासाठी कागदावर नक्षी काढलेली नसते. विणकर ताणे मोजत बोटांनी जादा बाणा घालत जातो. खेकडा बघावा: सरळ रेषा आणि पायऱ्यापायऱ्यांच्या नांग्या. धाग्याला गोलाई जमत नाही, तीच अडचण इथे देखणी झाली आहे.

२००५ मध्ये कोटपाडच्या कापडाला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१८ मध्ये इथले विणकर गोवर्धन पनिका यांना पद्मश्री. शहरांत या कापडाचे स्टोल, दुपट्टे, साड्या खपतात. याचा आनंद आहेच. त्यामुळे माग चालू राहिले. पण ज्यांच्यासाठी पाटा घडला त्या घरांत गिरणीचं स्वस्त लुगडं कधीच शिरलं. महिनाभर रंगवलेल्या सुताची किंमत तिथे परवडत नाही. आपल्याला कोणता काठ हवा, हे विणकराच्या दारात जाऊन सांगणारं गिऱ्हाईक घटलं. आता मागणी येते ती दुकानांच्या मापाची.

दुसरी चिंता झाडाची. रंग मुळात असल्यामुळे तो काढायचा तर जमीन खणावी लागते, आणि नव्या रोपाची मुळं कामाची व्हायला काही वर्षं जावी लागतात. रानातला आल विरळ होत चालला आहे. विणकरांना मागांइतकीच गरज आहे ती शेताच्या बांधावर मुद्दाम लावलेल्या आलाच्या झाडांची.