उठाव की खळगा? मेंदू पृष्ठभाग कसा वाचतो

गिरगावात दादोबा वामन खोतांच्या नावाने ओळखली जाणारी खोताची वाडी पाहायला गेलेला माणूस मोबाइल काढतोच. पुढचे व्हरांडे, बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलारू छपरं, सगळंच फोटोजोगं. त्यातल्या एका फोटोवर मेंदूचं एक गुपित उघडं पाडता येतं.

फोटो उलटा करा

उठावाच्या नक्षीचा जवळून फोटो घ्या. लाकूड असो वा गिलावा. प्रत्येक पाकळीची वरची कड उजळ आणि खालची काळपट हवी. आता मोबाइल उलटा धरा (स्क्रीन आपोआप फिरणं आधी बंद करा, नाहीतर सगळी मेहनत वाया). वर आलेल्या पाकळ्या बहुधा आत गेलेल्या दिसतील.

उजेड वरूनच

डोळ्याच्या पडद्यावर उमटतं ते सपाट चित्र. उजेड वरून आला तर फुगवट्याची वरची बाजू उजळते. खालून आला तर खळग्याचीही तीच उजळते. दोन्ही चित्रं सारखीच, मग ठरवायचं कसं? मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो आणि मोकळा होतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 साली ‘नेचर’मध्ये हे साध्या छायांकित गोलांवर दाखवलं. मला त्यातली खरी गंमत वाटते ती ही, की इथे ‘वर’ म्हणजे आकाशाकडे नव्हे, मुख्यतः आपल्या टाळूकडे. गोल तसेच ठेवून डोकं उलटं केलं, तरी उठावाचे खळगे होतात.

मग वाडीत फसगत का होत नाही?

कारण तिथे नुसत्या छायेवर भिस्त नसते. डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटीमीटर अंतर, त्यामुळे दोघांना दिसणारं दृश्य किंचित वेगळं. त्या फरकातून खोली कळते. चालताना जवळच्या वस्तू भराभर सरकतात, लांबच्या सावकाश. कौलांच्या ओळी दूर जाताना बारीक आणि दाट होतात, त्यावरून छपराचा उतार कळतो. डोक्याच्या मागच्या भागातली दृष्टिकेंद्रं या खुणांचा मेळ घालतात. फोटोत पहिल्या दोन खुणा गळतात, म्हणून तो फसवतो.

स्पर्शाचाही यात हात आहे. 2004 च्या एका प्रयोगात, हाताला जाणवणारा आकार छायेशी मुद्दाम विसंगत ठेवला, तेव्हा उजेडाच्या दिशेबद्दलचं लोकांचं गृहीतक सरकलं.

प्रयोग जरूर करा. फक्त वाडीत माणसं राहतात. कुणाच्या व्हरांड्याजवळ जाण्याआधी विचारा.