सॉक्समधली चांदी आणि आपला डीएनए

पावसात चोर दरवाजानं राजगड चढलात, दिवसभर चिखल तुडवला आणि परतताना बूट काढलेत, तरी शेजारचा मित्र नाक दाबत नाही. हल्लीच्या काही ट्रेकिंग सॉक्सच्या पाकिटावर त्याचं कारण छापलेलं असतं: 'नॅनो सिल्व्हर'. दावा खोटा नाही. चांदी वास निर्माण करणारे जिवाणू मारते. पण जी चीज जिवाणूची पेशी मोडते, ती आपल्या पेशीला ओळख दाखवून सोडून देते का?

आधी माप बघू. डीएनएची गोल शिडी दोन नॅनोमीटर रुंद. चांदीचे हे कण साधारण शंभर नॅनोमीटरच्या आतले. आजीच्या पैंजणातली चांदी पेशीत शिरत नाही. हे कण मात्र पेशी स्वतःच गिळते. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर पटकन विरघळते ना, तसंच इथंही. कण बारीक, म्हणून पृष्ठभाग जास्त, म्हणून चांदीचे आयन भराभर सुटतात. पेशीला ऊर्जा देणारं मायटोकॉन्ड्रिया बिघडतं आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होऊन डीएनएवर तुटून पडतात. शिडीची एक बाजू तुटली, तर दुसरी बघून पेशी दुरुस्ती करते. दोन्ही एकदम तुटल्या, तर जोडकाम चुकू शकतं. पेशी मरते, किंवा चूक घेऊन जगते आणि तिथूनच कधीतरी कॅन्सर सुरू होऊ शकतो.

ही मोडतोड बघायची टेस्ट भारी आहे. पेशी जेलमध्ये ठेवून, फोडून वीजप्रवाह सोडतात. धड डीएनए जागेवर गोळा होऊन राहतो, तुटलेले तुकडे पुढे वाहत जातात. मायक्रोस्कोपखाली दिसतो चक्क शेपटीवाला धूमकेतू! म्हणून नावही 'कॉमेट'. शेपूट लांब, तेवढं नुकसान मोठं.

लगेच सॉक्स फेकू नका. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटानं २००८ च्या सुमारास मानवी पेशींवर नॅनो चांदीचे प्रयोग केले. कमी मात्रेत पेशी स्वतःची अँटिऑक्सिडंट्स वापरून तग धरतात, मात्रा वाढली की शिस्तीत आत्महत्या करतात, आणखी वाढली की फुटून मरतात. याच अभ्यासाच्या आधारावर त्यांनी जखमांसाठी चांदीचं जेलही तयार केलं. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा.

धड त्वचेतून हे कण फारसे आत जात नाहीत. फुटलेला फोड असेल तर गोष्ट वेगळी. सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडचंही तसंच. कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचा लेप असला, की उन्हात ते कमी उपद्रव करतात. पण स्प्रे मारून श्वासातून ओढून घेऊ नका. खाद्यपदार्थांतल्या याच पांढऱ्या रंगाला युरोपनं २०२२ मध्ये बंदी घातली, कारण तो डीएनएला धोका पोचवत नाही याची खात्री देता येईना.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. अॅरिझोनातल्या संशोधकांनी २००८ मध्ये असे सॉक्स नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काहींमधली जवळपास सगळी चांदी मोजक्या धुण्यांतच निघून गेली. आपण तोरण्यावरून उतरून वेल्ह्याच्या ओढ्यात, रोहिड्याहून येऊन भोरजवळ नीरेत चिखलाचे सॉक्स खळबळून घेतो. खालच्या अंगाला तेच पाणी भातखाचरात जातं आणि त्यातल्या माशांच्या कल्ल्यांना तर त्वचेसारखं जाड संरक्षणही नसतं. साधे लोकरी सॉक्सही वास बऱ्यापैकी धरून ठेवतात. थोडे महाग पडतात, एवढंच.