हवेतलं बोलणं (लेखांक ६) : कळ दाबा, बोला, सोडा

मार्गशीर्ष पौर्णिमेला चौलच्या दत्ताची यात्रा भरते ती पाच दिवस चालते. डोंगराच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नसते. समजा, या गर्दीत लाल फ्रॉकातली एक पोर आईच्या हातातून सुटली. बंदोबस्ताला असलेला शिपाई कुणाकुणाला फोन करणार? शिवाय एवढे लोक एका जागी जमले की मोबाइलचं जाळं आधीच गुदमरलेलं. तो वॉकीटॉकीची कळ दाबतो आणि एकदाच सांगतो. पायथ्यापासून देवळापर्यंत त्या चॅनलवरचा प्रत्येक पोलीस ते ऐकतो. वायरलेसचं मर्म एवढंच आहे : इथे कुणी कुणाला फोन लावत नाही, चावडीवर बोलावं तसं सगळ्यांत बोलतो.

चावडीचा नियमही लागू होतो. एका वेळी एकानेच बोलायचं. कळ दाबली की आपला संच ऐकणं थांबवतो, म्हणून पलीकडचा मध्येच 'हां, हां' करत असेल तर ते आपल्याला कळतच नाही. दोघांनी एकदम कळ दाबली तर ज्याची लहर जोरकस पोहोचते त्याचाच आवाज बहुधा ऐकू येतो. दुसरा बिचारा आपण बोललो या समाधानात! म्हणून आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर', म्हणून कंट्रोलने, म्हणजे नियंत्रण कक्षाने, निरोप परत म्हणून दाखवायचा. आणि कळ दाबल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द अर्धा तुटतो. 'नको थांबू'तला 'नको'च गेला तर काय होईल, विचार करा.

आता डोंगराकडे वळू. गेल्या आठवड्यात पाहिलं की या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल. ढोबळ हिशेब असा : अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, चाराने गुणा, तेवढे किलोमीटर. समुद्रातल्या बोटीची अँटेना चार मीटरवर असेल तर आठ किलोमीटर. तशाच दोन बोटी सोळापर्यंत बोलतील, त्यापुढे मध्ये पाण्याचीच पाठ आड येते. पण किनाऱ्यावर शंभर मीटर उंचावर अँटेना उभारली की तिचे चाळीस आणि बोटीचे आठ, मिळून अठ्ठेचाळीस! संचाची ताकद दुप्पट करून जे साधत नाही ते टेकडी साधते.

रेवदंड्याच्या खाडीतून बाहेर पडणाऱ्या नाखव्याला चॅनल सोळा ठाऊक हवाच. 156.8 मेगाहर्ट्झ, जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेला. 'मेडे' तीनदा म्हणायचं, मग बोटीचं नाव आणि ठिकाण. गप्पांना तिथे थारा नाही; संकट नसेल तर नुसती हाक मारून दुसऱ्या चॅनलवर जायचं.

3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. चौलच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइल मुके झाले. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज. हातातले दोन वॉकीटॉकी मात्र बॅटरी असेतो थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कुणी लागत नाही. अंतर फार तर काही किलोमीटर, माडांच्या दाटीत त्याहूनही कमी. ते वाढवणारा रिपीटर डोंगरावर बसवला की तोही विजेचा मिंधा; त्याला बॅटऱ्यांचा स्वतंत्र साठा लागतो. हा रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, जे आपल्या हातातल्या संचाला जमत नाही. ते कसं, हे पुढच्या आठवड्यात त्याचं पोट उघडून पाहू.